एक खांब, एक केबल: लहान खोलीसाठी बहुउपयोगी व्यायामयंत्राची रचना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे यांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहेत. 10 फूट बाय 10 फूट खोलीत मावेल, घरातील चौघांना वापरता येईल आणि एकाच वजनसंचावर चालेल असे यंत्र त्यांना जवळच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात बनवून घ्यायचे आहे. चौकटीचे तीन आराखडे त्यांनी काढले आहेत आणि पाइप कोणत्या मापाचा घ्यावा, असे ते विचारत आहेत.

पाइपचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवतो. गेली बावीस वर्षे मी व्यायामशाळांची यंत्रे बनवत आहे. बिघडलेली जी यंत्रे माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यांतील बहुतेकांची कहाणी सारखीच असते. आधी चौकट उभी केली गेली, मग तिच्यात जागा सापडेल तिथे पुल्या बसवल्या गेल्या आणि सर्वांत शेवटी त्यात माणूस कसा बसेल हे पाहिले गेले. क्रम नेमका उलटा हवा. आधी माणूस, मग केबलचा मार्ग आणि त्यानंतर त्या दोहोंना धरून ठेवण्यापुरता पाइप. तुमचे तिन्ही आराखडे तूर्त बाजूला ठेवा.

माणसापासून सुरुवात करू. घरातील सर्वांत उंच व्यक्तीला 400 मिमी उंचीच्या स्टुलावर बसवा, दोन्ही हात सरळ वर करायला सांगा आणि जमिनीपासून मुठीपर्यंतचे अंतर मोजा. सहा फुटांच्या माणसात हे माप साधारण पावणेदोन मीटर भरते. त्याच्या वर दांडी, कडी आणि पुली यांना मिळून 250 ते 300 मिमी लागतात. म्हणजे यंत्राची उंची 2.05 मीटरच्या आसपास येऊन ठेपते. ही उंची सोयीची आहे, कारण आपल्याकडील दरवाजे साधारणपणे 2.1 मीटर उंचीचे असतात आणि तेवढ्या उंचीचे यंत्र पंख्याच्या पात्यांखालीही राहते. मात्र पंख्याची प्रत्यक्ष उंची मोजून घ्यावी. यानंतर सर्वांत बुटक्या व्यक्तीला त्याच स्टुलावर बसवून तिचा हात कुठवर पोचतो ते पाहावे. दांडी तिच्या हाताला लागली नाही तर लहान साखळी लावता येते, पण वर जागाच ठेवली नसेल तर उंच माणसासाठी कोणताही उपाय उरत नाही.

त्यानंतर कोणते व्यायाम हवेत ते ठरवा. जाहिरातीतील "एका यंत्रात 32 व्यायाम" हा आकडा विसरा. शरीराच्या मूळ हालचाली मोजक्या आहेत: वरून खाली ओढणे, समोरून मागे ओढणे, पुढे ढकलणे, वर ढकलणे आणि पायांनी उठणे. वर-खाली सरकणारी एक पुली आणि एक सुटे बेंच एवढ्यावर या सर्व हालचाली होतात. छातीच्या व्यायामासाठी लोखंडी हात, त्यावर बटरफ्लायचे दोन पंख, खाली पायांचा झुलता दांडा अशी जोडत जाणारी रचना दिसायला भरगच्च वाटते, पण प्रत्येक जोडहाताला स्वतःची बिजागरी, स्वतःचा अटकाव आणि फिरण्यासाठी स्वतःची मोकळी जागा लागते. पायांचा दांडा मी घरगुती यंत्रातून पूर्णपणे वगळतो. पुली तळाशी आणून कमरेला पट्टा लावून उठाबशा काढल्या तर तेच काम अधिक चांगले होते. याविषयी मतभेद आहेत, पण दहा फुटांच्या खोलीत जागेपुढे मतभेदांना फारसा वाव नाही.

एका चौकटीभोवती अनेक व्यायाम गोळा करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हॅरॉल्ड झिंकिन यांनी 1957 साली युनिव्हर्सल हे अनेक थांब्यांचे यंत्र आणले. 1970 साली आर्थर जोन्स यांचे नॉटिलस आले. त्यातील शंखाच्या आकाराच्या कॅममुळे, म्हणजे केबल जिच्यावर गुंडाळली जाते त्या वेड्यावाकड्या चाकामुळे, हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर भार बदलत असे. हा कॅम एका ठरावीक हालचालीसाठी घडवलेला असतो, म्हणून एकाच पुलीवरून दहा हालचाली करायच्या असलेल्या तुमच्या यंत्रात त्याला स्थान नाही.

आता केबलकडे येऊ, कारण यंत्राचा खरा आराखडा तिथेच आहे.

स्टॅक म्हणजे वजनाच्या प्लेटांची चळत; जितक्या प्लेटा उचलायच्या तिथे पिन घालायची. स्टॅकच्या वरच्या प्लेटला एक फिरती पुली जोडायची. खांबावर वर-खाली सरकणाऱ्या पुलीच्या खोक्याला मी ट्रॉली म्हणतो. केबलचे एक टोक हँडलला असते. तिथून केबल ट्रॉलीवरील पुलीतून वर जाते, माथ्यावरील पुलीवरून मागे वळते, खाली येऊन स्टॅकवरील फिरत्या पुलीखालून जाते, पुन्हा वर चढते, माथ्यावरील दुसऱ्या पुलीवरून खांबालगत खाली उतरते, तळाच्या पुलीला वळसा घालते आणि वर येऊन त्याच ट्रॉलीच्या खालच्या बाजूला पक्की बांधली जाते. हे शेवटचे टोक चौकटीला न बांधता ट्रॉलीला बांधणे ही या रचनेची किल्ली आहे. ट्रॉली 300 मिमी खाली सरकवली की तिच्या वरच्या बाजूची केबल 300 मिमीने वाढते आणि खालच्या बाजूची तेवढीच घटते. एकूण लांबी तीच राहते, त्यामुळे स्टॅक जागचा हलत नाही आणि केबल कुठेही सैल पडत नाही. शिवाय वरचा ताण ट्रॉलीला वर खेचतो आणि खालचा ताण तिला तेवढ्याच जोराने खाली खेचतो. त्यामुळे ट्रॉली अडकवणाऱ्या पॉप पिनवर (स्प्रिंगने खांबाच्या छिद्रात बसणाऱ्या पिनवर) जवळजवळ फक्त हँडलचाच भार येतो. पूर्ण भाराखालीही ती पिन अडत नाही, याचे कारण हेच.

स्टॅक केबलच्या दोन पदरांवर लोंबतो, म्हणून हातावर निम्मेच वजन येते आणि हात जितका सरकतो त्याच्या निम्माच स्टॅक उचलला जातो. याचे तीन फायदे आहेत. पाच किलोची एक प्लेट हाताला अडीच किलोची वाटते, त्यामुळे खांदा दुखावलेल्या आजींनाही सुरुवात करता येते आणि पुढची पायरी अंगावर येत नाही. केबलमधला ताण निम्मा होतो. तिसरा फायदा सहसा कोणी सांगत नाही: स्टॅक निम्म्या वेगाने हलत असल्यामुळे त्याचे जडत्व हातापर्यंत फार कमी पोचते. हातावर 20 किलोचा भार देणारा 40 किलोचा स्टॅक झटका देताना 10 किलोच्या वस्तूसारखा वागतो. म्हणून वेगाने केलेल्या हालचालीतही प्लेटा उसळत नाहीत.

तोटा एवढाच की 80 किलोचा स्टॅक घेतला तरी हाताला 40 किलोच मिळतात आणि वरून खाली ओढण्याच्या व्यायामाला धडधाकट माणसाला ते कमी पडतात. इथे मी माझी एक चूक सांगतो. माझ्या पहिल्या यंत्रात मी या व्यायामासाठी दुसरी स्वतंत्र केबल थेट स्टॅकच्या माथ्याला जोडली होती. कागदावर ती निर्दोष होती. यंत्र उभे राहिले, पहिल्याच दिवशी एकाने दांडी ओढली, स्टॅक 700 मिमी वर गेला आणि ट्रॉलीच्या केबलला दोन पदर असल्यामुळे तिची 1400 मिमी लांबी सैल होऊन प्लेटांवर पडली. दांडी परत सोडताना ती सैल केबल उचललेल्या आणि न उचललेल्या प्लेटांच्या मध्ये सापडली आणि तिचे वेष्टन चिरले गेले. कोणाला इजा झाली नाही, पण एका स्टॅकला दोन वेगवेगळ्या प्रमाणांच्या केबली जोडायच्या नाहीत, हा धडा मी तेव्हाच घेतला.

त्यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. एक सुटी पुली दोन पोलादी पट्ट्यांमध्ये बसवून घ्या आणि तिच्या खाली दांडी अडकवण्याची कडी ठेवा. ट्रॉली सर्वांत वर न्या, हँडल काढा, केबल या सुट्या पुलीतून ओवा आणि तिचे टोक ट्रॉलीशेजारी चौकटीवर वेल्ड केलेल्या हुकात अडकवा. आता दांडीही दोन पदरांवर लोंबते आणि हाताला पूर्ण 80 किलो मिळतात. केबल तीच, स्टॅक तोच, आणि बदल करायला अर्धा मिनिट पुरतो.

या व्यायामावरूनच स्टॅकला लागणारी उंची ठरते. दांडी सुमारे 700 मिमी खाली येते आणि पूर्ण भारावर स्टॅकही तेवढाच वर जातो, म्हणून मी 750 मिमी मोकळी उचल धरतो. प्लेट 300 मिमी लांब आणि 100 मिमी रुंद धरू. तिला गाइड रॉडची (प्लेटा ज्यांवरून वर-खाली सरकतात त्या उभ्या दांड्यांची) 26 मिमीची दोन आणि मधली 30 मिमीची एक अशी छिद्रे पाडल्यावर पाच किलो वजनासाठी पोलादात जाडी साधारण साडेबावीस मिमी येते. बिडाची घनता कमी असल्यामुळे त्यात ती साडेचोवीसच्या पुढे जाते. पोलादाच्या सोळा प्लेटांची चळत 360 मिमी होते. तिच्यात खालचा रबर, वरची फिरती पुली आणि उचल मिळवली तरी सर्व काही दीड मीटरच्या आत बसते. बिडाच्या प्लेटा कोल्हापूरच्या फाउंड्रीत चांगल्या मिळतात, पण त्या दोन्ही बाजूंनी घासून घ्याव्यात आणि प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवून पाहावी. "पाच किलो" म्हणून आलेली प्लेट पाच किलोचीच असेल असे गृहीत धरू नये.

केबलच्या जाडीबाबत लोक चुकीच्या बाजूने सावध राहतात. 7 बाय 19 बांधणीची (प्रत्येकी 19 तारांचे सात पेड), 4.8 मिमी गाभ्याची (वेष्टन सोडून) गॅल्वनाइज्ड केबल सुमारे 1900 किलोला तुटते आणि 3.2 मिमी गाभ्याची सुमारे 900 किलोला. आपल्या रचनेत केबलमधला ताण 40 किलोच्या वर जात नाही. म्हणजे पातळ केबलमध्येही वीसपटीहून अधिक राखीव ताकद उरते. केबल मरते ती ताणाने नव्हे, तर पुलीवर हजारो वेळा वाकल्याने. लहान पुलीवरची जाड केबल मोठ्या पुलीवरच्या पातळ केबलच्या आधी जाते. पुलीच्या खोबणीचा व्यास गाभ्याच्या किमान वीसपट असावा, असे मी धरतो. 3.2 मिमी गाभा, वेष्टनासह 5 मिमी, आणि खोबणीत 90 मिमी व्यासाची नायलॉनची पुली घेतली तर हे प्रमाण अठ्ठावीसवर जाते. पुलीत 6200 क्रमांकाचे, दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग आणि 10 मिमीचा बोल्ट पुरतो. बेअरिंगऐवजी पितळी बुश घालण्याचा मोह होईल, तो टाळावा.

प्रत्येक पुलीवर केबल अडवणारी पिन हवी आणि पुलीच्या कडेपासून तिचे अंतर केबलच्या जाडीच्या निम्म्याहून कमी असावे. केबल एकदा पुलीवरून उतरून पुली आणि पट्टीच्या फटीत गेली की वेष्टन त्याच क्षणी फाटते. हँडलच्या टोकाला असलेला रबरी गोळा ट्रॉलीच्या पुलीजवळ अडतो आणि यंत्र स्वस्थ असतानाही स्टॅकवरील पुलीचा थोडा ताण तिथे असतो. त्या गोळ्यामागचा वॉशर आणि टोकाचे फेरूल (केबलचा फासा दाबून धरणारी धातूची नळी) बारीकसारीक वस्तू समजू नयेत. फेरूल हायड्रॉलिक प्रेसवरच दाबून घ्यावे. हातोडीने ठोकलेले फेरूल किंवा हार्डवेअरच्या दुकानातील यू-क्लिप मी माझ्या कारखान्यात येऊ देत नाही.

गाइड रॉड 25 मिमीच्या ब्राइट बारचे, हार्ड क्रोम केलेले असावेत आणि वरच्या प्लेटमध्ये लांब नायलॉन बुश असावेत. दोन रॉड समांतर नसतील तर स्टॅक मधेच अडतो आणि मग कोणतेही तेल उपयोगी पडत नाही. म्हणून वरचा आणि खालचा धरणारा तुकडा एकत्र टॅक करून (वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडून) एकाच वेळी ड्रिल करावा. रॉडला ग्रीस लावू नये, कारण त्यात धूळ बसून लेप तयार होतो. सिलिकॉनचा फवारा मारून फडक्याने पुसून घेणे पुरेसे असते.

आता तुमचा पाइप. खांबापासून 300 मिमी पुढे 80 किलो ओढले जात आहेत, असे धरा. 50 बाय 50 बाय 3 मिमीच्या स्क्वेअर पाइपचा खांब असेल आणि स्टॅकचा भार अगदी खांबाच्या रेषेतच असेल, तर दोन मीटर उंचीवर खांब सुमारे 11 मिमी पुढे झुकतो. पाइप तुटणार नाही. त्यातील ताण त्याच्या मर्यादेच्या बराच खाली असतो. परंतु प्रत्येक ओढीला यंत्र मान डोलावते आणि वापरणाऱ्याचा त्यावरचा विश्वास उडतो. तोच स्टॅक खांबाच्या 200 मिमी मागे ठेवला तर मागचा भार पुढच्या भाराला तोलतो आणि झुकणे चार मिमीच्या आत येते. यासाठी एक रुपयाचेही पोलाद वाढत नाही. त्यानंतर 75 बाय 75 बाय 3 चा पाइप घेतला तर वजन दीडपट होते, पण कडकपणा साडेतीनपटीहून अधिक वाढतो आणि झुकणे एका मिमीवर येते. म्हणजे जाड भिंतीपेक्षा मोठे माप घेण्यात फायदा आहे. पाइप आयएस 4923 या भारतीय मानकाप्रमाणे बनलेला घ्यावा. फर्निचरसाठी विकला जाणारा हलका पाइप खांबाला वापरू नये. खांब ट्रॉलीचा मार्गही असल्यामुळे त्यावर मधेच वेल्ड नसावा आणि पिनची छिद्रे लेसरवर, दर 75 मिमी अंतराने पाडून घ्यावीत. हाताने ड्रिल केलेल्या छिद्रांत एखादे तरी दीड मिमी चुकलेले सापडतेच.

चौकट मोडण्यापेक्षा तिचे उलटणे ही अधिक खरी भीती आहे, आणि आटोपशीर यंत्रात ती वाढते. 80 किलो स्टॅक आणि 70 किलो चौकट मिळून यंत्र 150 किलोचे झाले. तळ 600 मिमी खोल असेल तर वजनाचा मध्य पुढच्या कडेपासून साधारण 300 मिमी मागे येतो. हे यंत्र उलटायला 45 किलो-मीटरचा आघूर्ण (जोर गुणिले अंतर) पुरतो. उभे राहून 1.2 मीटर उंचीवर 40 किलो आडवे ओढले की 48 होतात. हिशेब इथेच संपतो. याला उपाय म्हणजे तळाशी पुढे 450 मिमी येणारे दोन पाय, एकमेकांपासून 900 मिमी अंतरावर, म्हणजे त्यांच्या मधे बेंचही सरकेल आणि माणूसही उभा राहील. मग उलटायला 112 लागतात आणि सुमारे सव्वादोनपट राखीव मिळते. भिंतीला बांधण्याची कल्पना चांगली आहे, पण तुमची भिंत हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकची असेल तर साध्या फास्टनरवर भरवसा ठेवू नका. भिंतीची पकड ही जादाची समजावी आणि यंत्र तिच्याविना उभे राहिले पाहिजे.

घरांच्या स्लॅबचे आरेखन आयएस 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो, या चालत्या भारावर (माणसे आणि सामान यांच्या भारावर) केलेले असते. यंत्र आणि माणूस मिळून 230 किलो होतात, पण पाय पसरलेले असल्यामुळे तो भार एका चौरस मीटरवर एकवटत नाही. तरीही यंत्र खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईलगत, भिंतीजवळ ठेवावे आणि खाली रबराची चटई घालावी. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकवण्यासाठी स्टॅकखालचा रबर चटईपेक्षाही महत्त्वाचा असतो.

घरात मुले असतील तर स्टॅकला दोन्ही बाजूंनी आणि मागून छिद्रित पत्र्याचे आवरण करा आणि समोर फक्त पिन घालण्यापुरती उभी फट ठेवा. न उचललेल्या प्लेटांवर बोट ठेवून "हे काय?" असे विचारणारे मूल मी पाहिले आहे. व्यायाम संपला की पिन काढून उंचावर ठेवण्याची सवय घरातील सर्वांना लावावी. या यंत्रांसाठी आयएसओ 20957 हे मानक आहे. त्यात घरगुती आणि व्यावसायिक यंत्रांचे वेगळे वर्ग केलेले आहेत. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते मिळाले तर प्रकल्पाच्या अहवालापूर्वी जरूर वाचा.

यंत्र उभे राहिल्यावर एक चाचणी नक्की करा. स्टॅकवर 40 किलो लावा, हँडलला लटकता काटा अडकवा आणि अतिशय सावकाश ओढत वर नेताना आणि खाली आणताना दोन्ही आकडे लिहून घ्या. घर्षण नसते तर दोन्ही वेळा 20 आले असते. माझ्या बऱ्या यंत्रांत वर जाताना साडेएकवीस आणि खाली येताना साडेअठरा येतात. म्हणजे घर्षण दीड किलो, साडेसात टक्के. हा आकडा दहाच्या वर गेला तर आधी गाइड रॉड पाहा, मग पुल्यांची सरळ रेषा. केबल पुलीत तिरकी शिरत असेल तर खोबणीच्या एका कडेवर काही दिवसांत नायलॉनची पांढरी भुकटी दिसू लागते. व्यायाम चालू असताना केबल फक्त ट्रॉलीची, माथ्यावरची पहिली आणि स्टॅकवरची अशा तीनच पुल्यांवर फिरते, त्यामुळे दोष शोधायला फार हिंडावे लागत नाही.

नवी केबल पहिल्या महिन्यात थोडी ताणते आणि वरची प्लेट चळतीवर नीट टेकली तरी हँडलला ढिलाई जाणवते. त्यासाठी ट्रॉलीखालच्या टोकाला 50 मिमी आटे असलेला बोल्ट आणि दोन नट ठेवा, म्हणजे पाना घेऊन पाच मिनिटांत ती ढिलाई काढता येईल. पावडर कोटिंगला देण्यापूर्वी मात्र सर्व भाग एकदा बोल्टने जुळवून, स्टॅक लावून, घरातील चौघांनाही त्यावर बसवून पाहा. कारखान्यात येऊन बसायला घरची मंडळी कंटाळतात, पण सीटची उंची आणि ट्रॉलीचे सर्वांत खालचे छिद्र बदलायची हीच शेवटची वेळ असते.